लाईनीवरचा म्हसोबा

"ओ आजी, उठा. इथं झोपायला मनाई हाय." बागेचा वॉचमन कौतिकाच्या बाकड्यावर काठी वाजवत होता. मी बागेची एक फेरी मारून परत येत होते आणि लांबूनच मला दिसलं, की तिचा पदर डोक्यावरून खाली आलाय आणि ती तो सावरत नाही. चारचौघांत कौतिकाच्या डोक्यावरून पदर घसरलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी जवळ गेले, तिच्या गालाला हात लावला. "वाजवू नको काठी," मी वॉचमनला म्हणाले, "झोपली नाय ती." त्याला कळेना. त्यानं आणखी एकदा वाजवली. समोरच्या घसरगुंडीवर पोरं रांग लावून होती, ती एकामागून एक खाली येतच होती, धप्प, धप्प... मी तिचा पदर डोक्यावर घेतला आणि तिच्या शेजारी बसले. अशा वेळी दुसरं काय करायचं असतं, मला माहीत नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे एकच बोलत होते, की काय सोन्यासारखं मरण आलं. बागेत, झाडाखाली, लेकरांचा खेळ बघत. तिला बाग लई आवडायची म्हणे. मी दोन-चारदा ऐकून घेतलं आणि मग ठरवलं, की लिहायचं. माझं शिक्षण चौथी. पण अक्षर बरं आहे, आणि रविवारची पुरवणी मी तिच्यावर भाजी निवडायच्या आधी वाचते, नंतर नाही. तर पहिली गोष्ट ही, की कौतिकाला बाग आवडत नव्हती. तिथल्या हिरवळीकडे बघून ती म्हणायची, "उगंच पानी पितंय." मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई ती. जे कुणी खात नाही ते तिच्या लेखी गवतच नव्हतं. झाडं कापून त्यांचे मोर आणि हत्ती केलेत, ते बघून तर तिला शिसारी यायची. तरी ती रोज जायची, आणि रोज त्याच बाकड्यावर बसायची. का, ते फक्त मला माहीत होतं.

बाग आहे त्या जागेवरून पूर्वी रेल्वेची लाईन जायची. मोठी नव्हे. स्टेशनातून फुटून मागच्या गोदामांकडं जाणारा एक फाटा, छोट्या गाडीचा. अधूनमधून धान्याचे डबे ढकलत न्यायचे, बाकी वेळ ती लाईन आमची. आता बागेच्या कमानीवर 'लाईन उद्यान' अशी मोठी पाटी आहे आणि ती बघून आमच्या वस्तीतल्या जुन्या बायका तोंडाला पदर लावतात. कारण आमच्यात लाईनीला जाणं म्हणजे परसाकडला जाणं. पहाटे टमरेल घेऊन बायका निघायच्या ते लाईनीवरच. घरातली भांडणं, सासवांची गाऱ्हाणी, कोण गरोदर आहे, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं तिथं बोललं जायचं. पाणी नसेल त्या दिवशी एका टमरेलात दोघी भागवायच्या. माझी आणि कौतिकाची मैत्री अशी टमरेलावरची आहे. हे पुरवणीत लिहू नये, असं माझी नात म्हणाली. मी म्हटलं, खरं आहे ते लिहिते. बागेचं उद्घाटन झालं तेव्हा कौतिका मला म्हणाली होती, "सारी हयात लाईनीला जान्यात गेली पाटलीण, आन् आता म्हनतेत लाईनीवर हवा खायाला या."

पाटलीण हे तिनं मला पहिल्याच दिवशी ठेवलेलं नाव. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमची फर्दापूरच्या बाजूला जमीन होती, पण जमीन खाता येत नाही. विहीर आटली, बैल विकले, आणि नवरा, सासू आणि कडेवर तान्ही मंदा अशी आम्ही माणसं शहरात आलो. तेव्हा ते औरंगाबाद. नवऱ्याला लांब तळ्याच्या कामावर घेतलं, मला लाईनीलगत खडी फोडायला बसवलं. हातोडा मी जन्मात धरला नव्हता. शेजारच्या ढिगावर माझ्याच वयाची एक काळीसावळी बाई होती. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "घरची पाटलीण दिसती. हातोडा असा धरतेत व्हय? लाटणं हाय का ते?" सगळ्या बाया हसल्या. मला राग आला. पण दुपारी तीच उठून आली आणि माझ्या बोटांना चिंध्या बांधून गेली.

ती लासूर स्टेशनच्या पलीकडच्या वाडीतली. नवरा राहिलेली मेंढरं घेऊन गोदावरीकडं चाऱ्याच्या मागं गेला होता. बरीच मेंढरं आधीच लासूरच्या बाजारात मातीमोल गेली होती. तिच्याजवळ एक पोर होतं, बिरू. नुकता रांगायला लागलेला. आमची पालं लाईनीला लागूनच, म्हणून तिनं एक युक्ती केली होती. बिरूच्या कमरेला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक एका काळ्या दगडाला. पायलीएवढा गोल दगड, फोडायला आलेल्या ढिगातून तिनं बाजूला काढलेला. दोरी अशी मोजून ठेवलेली, की पोर रुळापर्यंत पोचू नये. बिरू दिवसभर त्या दगडाभोवती फिरायचा, त्याला धरून उभा राहायचा, त्याच्यावर थापा मारायचा. मुकादमानं तो दगड एकदा फोडायच्या ढिगात टाकला तर कौतिका त्याच्या अंगावर गेली. "आवो मुकादम, त्यो दगुड नाय. दाई हाय माझी."

उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. टँकरचं पाणी यायचं, कुठलं यायचं देव जाणे. बिरूला दवाखान्यात नेलं, बाटली लावली, पण पोरात काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुषमाणूस कुणी नव्हतं, आणि वाडीला न्यायला कौतिकाजवळ काही नव्हतं. जमीन तर अशी झालेली, की टिकाव मारला की ठिणगी उडायची. माती भुसभुशीत होती ती फक्त लाईनीच्या भरावाची. म्हणून तिथं, उताराला, निंबाच्या झाडाजवळ तिनं खड्डा खणला. बिरूला मी धरलं होतं. मी म्हटलं, दे टिकाव, मी खणते. ती म्हणाली, "तुला धरता येत नाय." मीठ मी नेलं होतं, ते टाकलं. वर काट्या टाकल्या. तरी कुत्र्यांची भीती होती. दुष्काळातली कुत्री वाईट. मग ती पालाकडं गेली आणि तो काळा दगड पोटाशी धरून घेऊन आली. दोरी सोडली, ती आपल्या कमरेला गुंडाळली, आणि दगड बिरूवर ठेवला.

दुष्काळ सरला तरी आम्ही परत गेलो नाही. कुणीच फारसं गेलं नाही. पालांच्या झोपड्या झाल्या, झोपड्यांचे पत्रे झाले. कौतिकाचा नवरा चार मेंढरं घेऊन परत आला, ती पण विकली आणि गोदामात हमाली करायला लागला. तिनं त्याला दगड दाखवला. तो बघून आला आणि त्यावर पुन्हा कधी बोलला नाही. काही वर्षांनी तोही वारला.

पण त्याच्या आधी एका अवसेला वेगळंच झालं. पहाटे आम्ही लाईनीला गेलो तर दगड शेंदरानं माखलेला, पुढं नारळ फोडलेला. गोदामातल्या कुणा हमालावर पोत्यांची थप्पी कोसळली होती आणि तो वाचला. पळत सुटला तो त्या दगडाजवळ येऊन पडला म्हणे, तर त्याला वाटलं, हा म्हसोबा, यानंच वाचवलं. मी कौतिकाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही दगड उचलून फेकणार. ती उभी राहिली, खाली बसली, बोटाला शेंदूर लावून बघितला, आणि म्हणाली, "कुनी का व्हईना, आंघुळ तर घातली." थोड्या वेळानं म्हणाली, "आता कुत्रं यायचं नाय." मी विचारलं, लोकांना सांगायचं का? ती म्हणाली, "काय सांगती? गप. देव झालाय तर व्हऊ दे."

तेव्हापासून तो लाईनीवरचा म्हसोबा. आधी हमाल यायचे, मग ट्रकवाले, मग वस्तीतल्या बाया. कुणी नवस बोललं, कुणाचा फळला. कौतिकाला दुसरा मुलगा झाला, सोपान, त्याचं जावळ तिनं तिथंच काढलं. लोक म्हणाले, बाईची म्हसोबावर श्रद्धा लई. सोपानही मोठा होऊन त्या दगडाचा भगत झाला. कंपनीत नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा त्यानं दगडापुढं ठेवला. कौतिका बाजूला उभी होती. पेढा ठेवून तो गेल्यावर तिनं त्याचा बारीक चुरा करून ठेवला. आमच्यात दात न आलेल्या पोराला तसंच देतात.

मग ब्रॉडगेजची मोठी लाईन आली आणि छोटी गाडी बंद पडली. आमचा फाटा तसाच राहिला. रूळ काही रेल्वेनं उचलले, काही लोकांनी. शहर चहूकडून वाढत आलं. पूर्वी पडेगाव म्हणजे गावाबाहेर वाटायचं, आता तिकडंपर्यंत घराला घर. वस्तीपलीकडं चारमजली सोसायट्या झाल्या, त्यांच्या बोअरनी आमच्या हापशाचं पाणी ओढून घेतलं आणि मग त्यांचेही बोअर कोरडे पडले. पुन्हा टँकर, पुन्हा हंड्यांच्या रांगा. कौतिका रांगेत म्हणायची, "दुष्काळ तोच हाय, फकस्त माणसं वाढली." तशात बातमी आली, की पडीक लाईनीवर बाग होणार. चालायला पट्टा, म्हाताऱ्यांना बाकडी, पोरांना खेळणी. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. डॉक्टर चालायला सांगत होते आणि रस्त्यावर चालायची सोय नव्हती.

अडचण एकच, म्हसोबा मधोमध येत होता. लोक म्हणाले, देव हलवायचा तर मानानं हलवायचा. वर्गणी झाली, कमानीजवळ फरशी लावून छोटं देऊळ बांधलं, गुरवाला बोलावलं. पुढं होता सोपान. मी आदल्या दिवशी कौतिकाच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती.

"सांग आता," मी म्हटलं.

"काय सांगू? इतकी वर्सं लोकांनी नारळ फोडले. मढ्यावर फोडले म्हनू? सोपान्याला वाळीत टाकतील."

"मग दगड जाईल की तिथून."

"दगुड जाईल. पोर जातंय व्हय?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "आन् म्या सांगितलं तर उकरतील गं. दुसरीकडं नेऊ म्हनतील. त्याला उकरायचा नाय."

दुसऱ्या दिवशी बँड लावून दगड निघाला. सोपाननं तो खांद्यावर घेतला होता, वर गुलाल. कौतिकानं त्याला ओवाळलं. दगडाच्या मागं मागं सगळी वस्ती कमानीकडं गेली. आम्ही दोघी मागं राहिलो. निंबाजवळ उताराला दगडाच्या आकाराचं एक ओलसर वाटोळं दिसत होतं, शेंदराच्या कडा असलेलं. कौतिका त्यावर बसली. नुसती बसली. उन्हं वर आली, तरी उठेना. मी तिला उठ म्हटलं नाही.

जेसीबी आला तेव्हाही ती तिथंच. तो ड्रायव्हर कुठला तरी परजिल्ह्यातला, तोंडात गुटखा. भराव सपाट करत तो निंबाच्या दिशेनं येत होता. त्याच्या लोखंडी पंज्याकडं कौतिका असं बघत होती, की मला तिच्याकडं बघवेना. तो वरून ओरडला, "आजी, सरका. गुप्तधन पुरलंय का काय इथं?"

मी काही बोलायच्या आत कौतिका म्हणाली, "व्हय रं बाबा. हांडा हाय."

"मग काढू की. निम्मं निम्मं."

"वर नाग बसलाय. आमच्या मालकानं हात घातला, त्यो गेला. तुझं लगीन झालंय का?"

ड्रायव्हर हसला. पण हसता हसता त्यानं गुटखा थुंकला आणि मशीन थोडं मागं घेतलं. तिथं त्यानं खोदलं नाही. बाजूनं मुरूम ओढून वरच्या वर पसरला आणि पुढं गेला. कौतिकानं माझा हात धरला होता. तिची नखं माझ्या मनगटात गेली होती, ते मला नंतर घरी गेल्यावर दिसलं. आता एवढ्या वर्षांनी तिथं काय उरलं असेल, असं कुणी विचारेल. मला विचाराल तर काही नाही. पण मी तिला तसं कधी म्हटलं नाही.

बाग झाली. निंब तोडला. जुन्या रुळांचा एक तुकडा शोभेला ठेवलाय, चंदेरी रंग दिलाय त्याला. बिरूच्या जागेवर घसरगुंडी आली, खाली लाल रबराची फरशी. पहिल्या दिवशी पोरं वरून धपाधप उड्या मारायला लागली तर कौतिका काठी घेऊन धावली. "हळू रं मुडद्यांनो, हळू." सोसायटीतल्या आया चिडल्या. म्हातारीला वेड लागलंय, पोरांवर धावून येते, अशी त्यांनी वॉचमनकडं तक्रार केली. वॉचमननं दम दिला, पुन्हा असं केलं तर आत सोडणार नाही. कौतिकाला आत सोडणार नाही. ती घाबरली. बागेबाहेर राहायची वेळ येईल म्हणून घाबरली. तेव्हापासून ती बाकड्यावर गप्प बसायची. पोरगं उडी मारायच्या आधी तिचे ओठ हलायचे. हळू रं... हळू रं... आवाज काढायची नाही. लोकांना वाटायचं, म्हातारी जप करते.

आणि मग त्या सकाळी ती त्याच बाकड्यावर गेली. सोन्यासारखं मरण म्हणणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.

तेराव्यानंतर सोपान माझ्याकडं आला. म्हणाला, "मावशी, आईला बाग लई आवडायची. तिच्या नावाचं एक बाकडं बसवायचं म्हनतोय, कमानीजवळ, म्हसोबाच्या समोर. तुम्ही काय म्हणता?" मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं. सगळं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. त्याचा चहा तसाच राहिला.

"म्हंजी म्हसोबा..."

"दगड होता. तुझ्या भावाला बांधायचा."

"मी खांद्यावर घेतला हुता त्यो. बँड लावून."

"व्हय."

"आन् भाऊ तिथंच ठिवला." वयानं पन्नाशीला आलेला माणूस. "आईनं ओवाळलं मला. तवा तरी बोलायचं हुतं." मग तो म्हणाला, "आईनं मला नाय सांगितलं. तुम्हालाच कसं काय सांगितलं?"

तिनं मला काही सांगितलं नव्हतं. मी तिथं होते. आणि का होते, ते मी त्याला सांगितलं, तेच इथं लिहिते. त्या उन्हाळ्यात माझी मंदा बिरूच्याच वयाची होती. मला दूध नव्हतं. मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीवर आणि सरकारी सुकडीवर आटलं होतं. कौतिकाला कसं यायचं कोण जाणे, पण यायचं. ती एका बाजूला बिरूला घ्यायची, एका बाजूला मंदाला. माझी सासू म्हणाली, धनगराच्या बाईचं दूध पाजतीस? तर कौतिकाच म्हणाली, "मावशे, शेळीचं पाजता तवा शेळीला जात इचारता व्हय?" बिरूला ठेवून आलो त्या संध्याकाळी मी मंदाला घेऊन पालाच्या मागं जाऊन बसले. पोर भुकेनं रडत होतं, आणि मी तिचं तोंड दाबून धरलं होतं, की कौतिकाला ऐकू जाऊ नये. ती आलीच. हाताला माती तशीच होती, धुवायला पाणी नव्हतं. "आन इकडं," ती म्हणाली. "भरून आलंय. दुखतंय मला." पाऊस पडेपर्यंत ती मंदाला पाजत होती.

मंदा आता पडेगावला असते. तिला नातू झालाय. त्या उन्हाळ्यात कौतिकाच्या दुधावर दोन लेकरं होती. बिरू गेला. मंदा जगली.